ताईला झाला, आता मलाही होणार का?

‘नमस्कार डॉक्टर, मी २८ वर्षांची. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते. पहिलीच वेळ आहे, तिसरा महिना चालू आहे. वजन ४९ किलो. माझ्या मोठ्या बहिणीला गरोदरपणात शुगर निघाली होती. इन्शुलिन सुरू केलं, तरी सकाळची उपाशीपोटीची साखर ११० च्या खाली काही येईना. बाळ दिवस भरून झालं, पण जेमतेम सव्वादोन किलोचं. आता ते तीन वर्षांचं आहे, ठणठणीत आहे. ताईची साखर मात्र अजूनही ११०-११५ च दाखवते. वडिलांनाही तिशीपासून बॉर्डरवरची साखर आहे; गोळी घेतली तरी तेवढीच, नाही घेतली तरी तेवढीच. आमच्या घरात जाड कुणीच नाही. सासूबाई म्हणतात, “तुमच्या माहेरच्या रक्तातच आहे, आता बाळालाही देणार.” नणंदेच्या ओळखीतल्या एकांनी लाळेवरून करायची जनुकांची तपासणी सुचवली आहे, बारा हजार रुपयांची. ती केली तर मला मधुमेह होणार की नाही ते कळेल का? की आत्तापासूनच भात आणि गोड बंद करू? रात्र रात्र झोप लागत नाही.’

सप्रेम नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. ते बारा हजार रुपये खर्च करू नका. भात बंद करू नका. आणि ताईला झाला म्हणून तुम्हाला होणारच, असं नाही. पण तुमच्या पत्रात दोन-तीन वाक्यं अशी आहेत की ती मी पुन्हा पुन्हा वाचली. ती तुम्ही सहज लिहून गेला असाल. माझ्या दृष्टीने पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तोच आहे. त्याकडे येतेच. तत्पूर्वी नेहमीचा गरोदरपणातला मधुमेह आणि जनुकं यांचा संबंध सांगते, कारण नणंदेच्या ओळखीतले गृहस्थ जी तपासणी सुचवताहेत ती त्यावरच आधारलेली असते.

दिवस वर जातात तशी वार (प्लॅसेंटा) निरनिराळी संप्रेरकं रक्तात सोडू लागते. त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्शुलिनचा असर कमी होतो आणि बाळाच्या वाट्याला साखर पुरेशी राहते. हे प्रत्येक गरोदर बाईच्या बाबतीत घडतं, त्यात बिघाड काही नाही. वाढलेली गरज भागवायला आईचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करतं आणि बहुतेकींचं गणित जमून जातं. ज्यांच्या स्वादुपिंडाला तेवढं जमत नाही, त्यांची साखर साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास वाढलेली दिसते. जनुकांचा मुख्य हात आहे तो या ‘जमत नाही’ मध्ये. म्हणूनच ४९ किलो वजनाच्या सडपातळ मुलीलाही गरोदरपणात मधुमेह होऊ शकतो. ‘मी तर बारीक आहे, मला कशाला होईल’ या भरवशावर कुणी राहू नये.

२००६ साली आइसलंडमधल्या संशोधकांना टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातला एक फरक सापडला. तो ज्यांच्यात असतो त्यांना टाइप २, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचा धोका जास्त असतो. लगेच पुढच्या वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने भारतीय लोकांतही हाच संबंध दाखवून दिला. मग एमटीएनआर१बी हे जनुक पुढे आलं. रात्री झोपेच्या वेळी वाढणाऱ्या मेलाटोनिनशी त्याचा संबंध आहे, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाशी तर टाइप २ पेक्षाही जवळचा. २०१२ मध्ये कोरियातल्या गरोदर स्त्रियांचा सगळा जनुकसंच तपासला गेला, तेव्हा हेच जनुक आणि सीडीकेएएल१ ही दोन नावं ठळकपणे वर आली. फिनलंडमधल्या अलीकडच्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातले असे १३ टापू मिळाले. यांतल्या बऱ्याच जनुकांचं काम स्वादुपिंडातून इन्शुलिन बाहेर सोडण्याशी निगडित आहे.

आता या फरकांनी धोका वाढतो म्हणजे किती वाढतो, ते बघू. समजा, शंभर गरोदर बायकांपैकी दहा जणींना मधुमेह होतो. एमटीएनआर१बी मधला तो फरक एका पालकाकडून आलेल्या शंभर जणी वेगळ्या काढल्या, तर त्यांच्यात बारा-तेरा जणींना होईल. म्हणजे फरक असूनही ८७-८८ जणींची साखर नॉर्मलच राहणार, आणि फरक नसूनही काही जणींची वाढणार. शिवाय हे फरक मुळीच दुर्मीळ नाहीत. तुमच्या शेजारणीत असेल, तुमच्या नवऱ्यातही असेल.

लाळेच्या तपासणीत असे अनेक छोटे छोटे फरक मोजून बेरीज करतात आणि ‘धोका मध्यम’, ‘धोका जास्त’ असा शेरा देतात. या बेरजा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून बसवलेल्या आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या माणसांना त्या तितक्या नेमक्या लागू पडत नाहीत. पण माझा मुख्य आक्षेप तो नाही. शेरा ‘जास्त’ आला तरी तुम्हाला वेळेवर साखर तपासायची आहे, आणि ‘कमी’ आला तरीही तपासायचीच आहे. उपचार बदलत नाहीत, तारीख बदलत नाही. उलट ‘कमी’ वाचून एखादी निर्धास्त होते आणि तपासणीला जातच नाही, याची मला जास्त भीती वाटते. वडिलांना साखर आणि सख्ख्या बहिणीला गरोदरपणात मधुमेह, ही माहिती तुमच्याकडे फुकट आहे आणि या रिपोर्टपेक्षा कितीतरी अधिक कामाची आहे. ती तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिली गेली आहे ना, एवढं आधी बघा.

आता तुमच्या पत्रातली ती वाक्यं.

ताईची उपाशीपोटीची साखर इन्शुलिन घेऊनही ११० च्या आसपास राहिली. बाळंतपणानंतर तीन वर्षांनीही तेवढीच आहे. वडिलांची तिशीपासून तेवढीच, औषध घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. घरात कुणी जाड नाही. आणि ताईच्या बाळाचं वजन जास्त भरण्याऐवजी कमी भरलं. नेहमीच्या मधुमेहाची ही चाल नव्हे. तो वर्षागणिक वाढत जातो, आणि औषधाने उतरतो. तुमच्याकडे तो वाढतही नाही आणि उतरतही नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. पण हे चित्र पाहून एक शक्यता मनात यायलाच हवी: एकाच जनुकातल्या बदलामुळे येणारी, पिढ्यानपिढ्या चालत आलेली साखर. अशा मधुमेहांच्या गटाला डॉक्टर ‘मॉडी’ म्हणतात, आणि त्यातला जीसीके नावाच्या जनुकाचा प्रकार तुमच्या वर्णनाशी जुळतो. जीसीके जनुक ग्लुकोकायनेज हे विकर (एन्झाइम) तयार करतं. रक्तात साखर किती झाली की इन्शुलिन सोडायचं, हे स्वादुपिंडाला त्याच्यामुळे कळतं. पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो ना, तसंच हे. फ्लोट चार बोटं वर बसवला असेल तर पाणी चार बोटं वर येऊन थांबतं. टाकी वाहून जात नाही. या लोकांची उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण १०० ते १४० च्या दरम्यान असते, आयुष्यभर तिथेच राहते, आणि सहसा डोळे-मूत्रपिंडं खराब करण्याइतकी वाढत नाही. गरोदरपण सोडलं तर बहुतेकांना औषधाची गरजही नसते.

गरोदरपणात मात्र हा प्रकार ओळखला गेला की नाही, याने खूप फरक पडतो. आईकडून हा बदल बाळात उतरण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. उतरला असेल, तर बाळाच्याही स्वादुपिंडाला तेवढीच साखर नॉर्मल वाटते, ते जादा इन्शुलिन सोडत नाही आणि बाळाची वाढ ठीक होते. अशा वेळी आईची साखर इन्शुलिन देऊन जबरदस्तीने उतरवली, तर बाळच लहान राहू शकतं. बदल उतरला नसेल, तर आईकडून येणारी जादा साखर पाहून बाळ भरपूर इन्शुलिन सोडतं आणि सरासरी अर्ध्या किलोहून जास्त वजनदार होतं. इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने १९९८ मध्ये हे दाखवलं, आणि तेव्हापासून अशा बायकांच्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटाच्या घेरावर लक्ष ठेवून उपचार ठरवतात. ताईचं बाळ सव्वादोन किलोचं असण्याला इतर पन्नास कारणं असू शकतात. आपल्याकडे बाळं मुळातच लहान असतात. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासात जन्मवजनाची सरासरी २.७ किलो निघाली होती, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ती ३.५ किलो होती. तरीही ही सगळी लक्षणं एकाच घरात एकत्र दिसतात, तेव्हा ती विचारात घ्यायलाच हवीत.

म्हणून लाळेच्या त्या तपासणीला ‘नको’ म्हणणारी मीच तुम्हाला सांगते: तुमच्या घरात जनुकांच्या तपासणीचा विचार व्हायला हवा. पण ती ही नव्हे, आणि पहिल्यांदा तुमची नव्हे. आधी ताईची किंवा वडिलांची, आणि तीही मधुमेहतज्ज्ञांनी सगळे जुने रिपोर्ट बघून सांगितली तर. ती रक्ताच्या नमुन्यावर होते आणि तिचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं बरंचसं स्पष्ट येतं. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये या आजारांवर बरीच वर्षं काम चालू आहे. तुमच्याकडचे मधुमेहतज्ज्ञ नमुना कुठे पाठवायचा ते सांगतील. आणि तोवर ताईने किंवा वडिलांनी माझं हे वाचून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. हे त्यांना आवर्जून सांगा.

तुमच्यापुरतं आत्ता काय करायचं? या आठवड्यात उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. सोबत हिमोग्लोबिनही बघा, कारण रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवा येतो. उपाशीपोटीची साखर मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या सरकारी दवाखान्यांत जी ग्लुकोज पाजून तपासणी होते, तिला उपाशी यायची अट नसते. ७५ ग्रॅम ग्लुकोजची पूड भांडंभर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायची, दोन तास बसायचं, मग रक्त द्यायचं. १४० किंवा त्यावर आली तर मधुमेह. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषैया यांनी ही पद्धत रुजवली, त्यांचा १० मार्च हा वाढदिवस आता आपल्याकडे गरोदरपणातल्या मधुमेहाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. लांबून एसटीने येणाऱ्या बाईला उपाशी बोलवायला लागू नये, हा त्यातला मोठा फायदा. लाखो बायकांना त्याचा उपयोग झाला आहे. पण मी ज्या प्रकाराबद्दल बोलते आहे, त्यात उपाशीपोटीची साखर जास्त असते आणि ग्लुकोज पिऊन ती फार उसळत नाही. तेव्हा नुसत्या दोन तासांच्या आकड्यावर तुमच्या घराण्याची साखर हातातून निसटू शकते. डॉक्टरांना तसं सांगा. त्या नक्की ऐकतील.

उपाशीपोटीचा आकडा ८० च्या घरात आला, तर जीसीकेचा बदल तुमच्यात बहुधा नाही. मग तुम्ही एरवीच्या मार्गाने जायचं: ग्लुकोजची तपासणी आत्ता एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा. दुसरी वेळ चुकवायची नाही, कारण वारेचा जोर तेव्हा असतो. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरू नका, दुसऱ्या दिवशी परत करा. उपाशीपोटीचा आकडा १००-११० आला, तर घाबरून इन्शुलिन किंवा उपास दोन्ही सुरू करू नका. ताईची फाइल, वडिलांचे रिपोर्ट आणि तुमचा हा आकडा घेऊन मधुमेहतज्ज्ञ आणि बाळंतपणाच्या डॉक्टर, दोघांना एकदम भेटा. आणि १२६ किंवा त्यावर आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हा गरोदरपणाच्या आधीपासूनचा मधुमेह असू शकतो.

सासूबाईंच्या बोलण्याने तुम्ही दुखावल्या आहात हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. त्यांना भांडणाच्या सुरात नको, पण शांतपणे एवढं सांगता येईल: बाळाची निम्मी जनुकं त्यांच्या मुलाकडून आली आहेत. आणि जिच्यामुळे गरोदरपणात साखर वाढते ती वार बाळाबरोबरच तयार होते. तिच्यातही वडिलांच्या घरची जनुकं असतात. शिवाय २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला. माहेर असो की सासर, ज्याच्या नात्यात साखर नाही असं घर आता शोधावं लागेल. यात दोष द्यावा असं कुणाच्याही रक्तात काही नाही, तुमच्या तर नाहीच.

‘बाळालाही देणार’ या वाक्याचं उत्तर मात्र मला जरा थांबून द्यायचं आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा या आदिवासी समाजात मधुमेह फार आहे. तिथे संशोधकांनी सख्खी भावंडं तपासली: एक आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं, दुसरं आईला झाल्यानंतर. आई-बाप तेच, घर तेच. तरीही नंतर जन्मलेल्या भावंडांत मधुमेहाची शक्यता जवळजवळ पावणेचारपट निघाली. म्हणजे पोटातल्या नऊ महिन्यांत बाळाला मिळणाऱ्या साखरेचा स्वतःचा असा परिणाम असतो, जनुकांपेक्षा वेगळा. जनुकं कुणाला बदलता येत नाहीत. नऊ महिन्यांतली साखर सांभाळता येते, आणि त्याचा उपयोग होतो याचा पुरावा आहे: ऑस्ट्रेलियातल्या २००५ च्या चाचणीत, गरोदरपणातल्या मधुमेहावर उपचार केल्यावर बाळांमधल्या गंभीर गुंतागुंती ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या. तुमची साखर वाढलीच, तर आपल्या हातात एवढं सगळं आहे.

जेवणाबद्दल. तुमचं वजन ४९ किलो आहे, तुम्हाला कमी खाऊन चालणार नाही. भात वाटीभर घ्या, पण त्याच्यासोबत घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, भाजी, कोशिंबीर असू द्या. आमटीचं पाणी आणि भाताचा डोंगर असं ताट नको. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण भाकरीने साखर वाढत नाही हा गैरसमज आहे; एक-दीड भाकरी आणि पिठलं, वर ताक, हे ठीक. गूळ म्हणजे साखरच. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास केला तर साखर दोन्हीकडून झोके खाते. या वर्षी उपास सोडा, कुणी काही म्हणणार नाही. दोन जेवणांच्या मध्ये मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं, एखादा पेरू. जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटं फिरा. मधुमेह निघाला तर आधी दोन आठवडे हेच जरा काटेकोरपणे करून बघतात आणि जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत येते का ते पाहतात. नाही आली तर औषध. इन्शुलिन लागलं तर ती हार नव्हे, आणि बाळंतपणानंतर ते बहुतेकींचं सुटतं.

एक गोष्ट ताईसाठी. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप २ होण्याची शक्यता इतरांच्या सात ते दहापट असते, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढे दर वर्षी तपासणी करायची असते. बाळंतिणीच्या खोलीत सगळं लक्ष बाळाकडे असतं, अळिवाचे-डिंकाचे लाडू सुरू असतात, आणि ही तपासणी हमखास राहून जाते. ताईची साखर ११० वर थांबली आहे ती जीसीकेमुळे की ती मधुमेहाच्या वाटेवर आहे म्हणून, हे कळल्याशिवाय तिला कुणी ‘काही नाही, बॉर्डरवर आहे’ म्हणून घरी पाठवू नये. ती वाटेवर असेल तर वजन, चालणं आणि गरज पडल्यास मेटफॉर्मिनची गोळी यांनी पुढचा मधुमेह होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी होतं, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

तेव्हा आज एवढंच करा. ताईला फोन करा, तिची बाळंतपणाची फाइल आणि वडिलांचे जितके जुने मिळतील तितके रक्ताचे रिपोर्ट मागवून घ्या, त्यांतले उपाशीपोटीचे आकडे तारखेप्रमाणे एका कागदावर उतरवा. उद्या-परवा सकाळी चहाच्याही आधी रक्त द्यायला जा. आकडा आला की मला कळवा.

तुमची,
डॉक्टर